डोहावरचा ओटा

मोहघाट,
९ नोव्हेंबर १९५६

चि. गुणवंतराव यांस,

आशीर्वाद आईचे. माझे सध्या शिल्लक नाहीत.

भाऊबीजेला तू आला नाहीस म्हणून हे पत्र लिहिते आहे असं समजू नकोस. त्याची तू आम्हाला चांगली सवय लावली आहेस. मी पाट मांडते, चंद्राला ओवाळते आणि पाट उचलून ठेवते. माझा राग वेगळाच आहे. तू परवा गावात आलास आणि घरी आला नाहीस.

मुखरू कोतवालानं सांगितलं. तू त्याला सांगू नको म्हणाला होतास, पण मुखरूच्या पोटात काही राहतं का, हे तू लहानपणापासून जाणतोस. तो म्हणाला, "बाई, तुमचा गुणवंत आलता जीपमंदी. मीच तं साखळी धरली ना मोजाची. घरी चाल म्हनलं तं म्हने, घाई हाये मुखरू." डोहापासून आपलं अंगण दिसतं. अंगणात आई उडदाची डाळ पाखडत बसली होती. तुला ती दिसली असणार. तिला जीप दिसली, तिनं मला विचारलंही की कोण साहेब आले असतील. मी म्हणाले, असेल कोणी उपटसुंभ. माझं काही चुकलं नाही.

मुखरूकडून सगळं कळलं. चांद्याच्या लोकांना संध्याकाळी हवा खायला नदीकाठानं एक सोपी वाट करायची. इरईच्या पुलापासून आपल्या डोहापर्यंत. चढ नको, काटा नको, चिखल नको. डोहाजवळ फुलझाडं लावायची, बसायला ओटा बांधायचा. त्यासाठी तुमची एक उद्यान समिती झाली आहे आणि तू तिचा ओव्हरसियर आहेस. करा. चांद्याच्या लोकांना हवा लागते तर खुशाल खाऊ द्या. पण जाताना तू बाबांच्या ढिगावर चुन्याची फुली मारून गेलास, ती कशासाठी?

तुला आठवत असेलच असं मी धरून चालले असते. फुली पाहिल्यावर तसं धरवत नाही, म्हणून सांगते. मोहाचे दिवस होते. बाबा उजाडायच्या आधी टोपली घेऊन मोह वेचायला गेले. दुपारी लोकांनी शोधलं तेव्हा त्यांचा दुपट्टा आणि एक वहाण मिळाली. वाघानं जाळायला काही ठेवलं नव्हतं आणि पुरायलाही नाही. चैतूच्या बापानं नदीतला गोटा आणून दुपट्टा सापडला तिथं ठेवला आणि त्याच्यामागून सगळ्या गावानं आणला. तेव्हापासून त्या वाटेनं जाणारा माणूस, आपला असो की परगावचा, खाली पाण्यात उतरतो, एक गोटा उचलतो आणि वर आणून बाबांच्या, लटारूच्या नावानं ठेवतो. वाटेतला उचललेला चालत नाही. ढिगातला कोणी उचलत नाही. चैतू म्हणतो, ढीग वाढता आहे तोवर लटारू वाघासंगं रानात हिंडत नाही, एका जागी बसून राहतो. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही. आईला कुंकू पुसल्यावर जाऊन बसायला तीच एक जागा होती, एवढं मात्र मी पाहिलं आहे. तुला कडेवर घेऊन मीच तिथं न्यायची.

मुखरूला म्हणाले, फुली पुसून टाक. तो म्हणतो, सरकारी चुना आहे. तेव्हा तूच ये आणि पूस. आईला हे पत्र वाचून दाखवलेलं नाही.

भागीरथा


मोहघाट,
१६ डिसेंबर १९५६

चि. गुणवंतास,

तुझं उत्तर पोचलं. टाइप केलेलं. सख्ख्या बहिणीला टाइप करून पत्र पाठवणारा चांदा जिल्ह्यात तू पहिलाच असशील. "सदर ढिगाऱ्याबाबत योग्य वेळी योग्य तो विचार करण्यात येईल." खाली सही आणि सहीच्या अंगावर शिक्का. एवढ्या कोरड्या कागदात आईला वाचून दाखवायला काय होतं? तिनं विचारलं, "काय लिवते गुणवंत? खोकला गेला का त्याचा?" मी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, गेला म्हणतो. ती खूश झाली. तिला तुझा राग कधी येतच नाही. दोघींच्या वाटचा मलाच करावा लागतो.

वाट मात्र चांगली केलीस. हे लिहिताना माझ्या जिवावर येतंय. नाल्यावर साकव टाकलास, मुरूम दाबून बसवलास, आणि वळणावरचं अर्जुनाचं झाड न तोडता वाट त्याच्या पलीकडून फिरवलीस. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. ती परवा काठी न टेकता डोहापर्यंत गेली आणि आली. आल्यावर म्हणाली, "हातावरून चालल्यावानी वाटते." मीही जाते. चौकीदार जेवायला गेला की जाते.

चौकीदार ठेवलास तो इसरू. बिचारा माणूस वाईट नाही, पण अंगावर खाकी चढली की माणसाला वाटतं आपण जन्मलोच खाकीत. चैतूची सुकरी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन तुझ्या वाटेनं येत होती. मी मागेच होते. त्यानं हात आडवा केला.

"ओझं घेऊन चालाची नाई ही वाट."

"मंग कशी चालू?"

"रिकामी चाल. फिराची वाट हाये ही."

"रिकामी काऊन चालू बावा? मले काही काम नाई का?"

सुकरी हे घरी येऊन सांगताना पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. ज्याला कुठं जायचं आहे त्यानं काट्यातून जावं, आणि ज्याला कुठंच जायचं नाही त्याच्यासाठी मुरूम, असा तुमचा हिशेब दिसतो. जुन्या वाटेवर तुम्ही तोडलेल्या झुडपांचा काटा टाकून ठेवला आहे. बायका आता त्याच्यावर पाय देऊन जातात.

ढीग तुझ्या वाटेत येत नाही. मी उभी राहून पाहिलं आहे. वाट खालून जाते, ढीग वर आहे, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा आहे. मग फुली कशाची? सरळ लिही आणि हातानं लिही.

भागीरथा


मोहघाट,
२० जानेवारी १९५७

गुणवंत,

फुली कशाची होती ते कळलं.

मी धानाच्या चुरण्यासाठी, मळणीला, कुरखेड्याला मामांकडे गेले होते. माझी पाठ वळण्याची तू वाट पाहत होतास की ते तसंच जुळून आलं, हे तुझं तुला माहीत. परत आले तर ढिगाच्या जागी पिवळी माती. वर्षानुवर्षं झाकलेली, गवताचं पातं नसलेली, सोललेल्या गुडघ्यासारखी. आणि खाली डोहाकाठी तुझा ओटा. गोल गुळगुळीत गोटे, सिमेंटात रांगेनं बसवलेले. देखणा झाला आहे. खाणीतला दगड आणायला गाडी लागली असती, हा आयताच मिळाला.

मी तशीच चैतूच्या घरी गेले. तो अंगणात बसला होता. मान वर करेना.

"मी उचलले बाई," म्हणाला. "खोटं काऊन बोलू? आंदी आमी कोनीच हात लावला नाई. मुकादम ओरडला, हाजरी कापतो म्हने, तरी नाई लावला. मंग गुणवंत आला. मले म्हने, चैतू, हा ढीग कोनाचा? मी म्हनलं, लटारूचा. म्हने, लटारू माहा कोन? मी म्हनलं, बाप. म्हने, मंग पोरगा उचलते तं तुमाले काय? अन् त्यानं पयला गोटा उचलून टोपल्यात टाकला. रक्ताच्या मानसानं मोडला, आता आमाले नाई म्हनता येते का?"

चैतूला मी दोष दिला नाही. त्याचं बरोबर आहे. ढीग मोडायचा हक्क फक्त पोटच्या पोराचा, ही रीत तुला नीट आठवली. बाकीचं सगळं विसरलास, एवढं बरोबर लक्षात ठेवलंस. पण ती रीत कशासाठी आहे, गुणवंत? घर गाव सोडून दुसरीकडे राहायला निघालं तर पोरानं पहिला गोटा उचलावा आणि बापाला आपल्याबरोबर नव्या गावी न्यावं, यासाठी. तू बापाला कुठं नेलंस? पन्नास पावलं खाली, चांद्याच्या लोकांच्या बुडाखाली.

आणखी एक गोष्ट चैतूनं सांगितली. ती तो सहज बोलून गेला, त्याला त्यात काही दिसलं नाही. चैतूला विचारण्याआधी तू जीपच्या ड्रायव्हरला पाणी आणायला पाठवलंस. तो दिसेनासा झाल्यावर म्हणालास की मी लटारूचा पोरगा. म्हणजे ते चांद्याच्या माणसाच्या कानावर जाऊ नये याची काळजी घेतलीस. इतक्या वर्षांत तू त्यांचा पोरगा झालास तो एकदा, आणि तेही दगड काढून घेण्यासाठी. तू माझ्यासमोर असतास तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही.

आई पहिल्या दिवशी त्या उघड्या मातीवर बसून आली. आता ओट्यापाशी जाते, पण वर बसत नाही, खाली जमिनीवर बसते. इसरू तिला म्हणतो, "आजी, वर बसा ना. बसाले तं केला." ती म्हणते, असू दे बाबू.

मी चांद्याला येते आहे.

भागीरथा


मोहघाट,
१२ फेब्रुवारी १९५७

गुणवंत,

मी रविवारी तुझ्या घरी येऊन गेले. तुला सांगितलं गेलं असेल की कोणी बाई आली होती. ती मी.

तू आलापल्लीला सागवान पाहायला गेला होतास. त्या बागेच्या कमानीसाठी म्हणे. तुझे सासरे वकीलसाहेब ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला, पायरीवर नाही, आत सतरंजीवर बसवलं. माणूस सज्जन आहे. तुझी बायको मनोरमा आतून आली आणि तिनं स्वतःच्या हातानं पाणी आणलं. तुझ्या लग्नाचं आम्हाला लग्नानंतर पोस्टकार्डानं कळलं होतं, त्यामुळे मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हणाले, मी मोहघाटची. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "म्हणजे ह्यांच्या गावच्या का तुम्ही? हे म्हणतात तिकडे आता आमचं कोणीच राहिलं नाही."

मी पाण्याचा गडू खाली ठेवला.

वकीलसाहेब म्हणाले, "गुणवंतरावांचे वडील मालगुजाराकडे दिवाणजी होते ना? विषमज्वरानं गेले. आई तर त्याआधीच गेल्या. पोरक्या मुलानं एवढं शिकावं, याचं मला फार कौतुक वाटतं."

तर आम्ही असे सगळे मेलो. बाबा तापानं मेले, आई त्याच्या आधी मेली, आणि मी तर कधी जन्मलेच नाही. तुला चांद्याच्या बोर्डिंगात ठेवायला मी कुणाकुणाच्या बांधावर राबले, त्याचा उल्लेख मी आजपर्यंत केला नाही आणि आताही करत नाही. माणूस बापाची लाज बाळगतो ती बापानं काही वाईट केलं तर. आपल्या बापानं काय केलं? मोह वेचायला गेला. वाघानं नेलेल्याचा पोरगा म्हणून शाळेत पोरं तुला चिडवायची, माझ्या कुशीत येऊन रडायचास, हे मला आठवतं. मी तेव्हा शाळेत जाऊन त्या पोरांचे कान उपटून आले होते. तू मोठेपणी स्वतःच त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहशील, हे तेव्हा कळलं असतं तर एवढी पायपीट केली नसती.

मी त्या घरात काहीच बोलले नाही. तुझी अब्रू राखली असं वाटून घेऊ नकोस. समोर ती पोर बसली होती. तिनं पायातला काटा काढायला मला सुई दिली, वर हळद लावून दिली. परक्या बाईला कोण एवढं करतं? अशा पोरीला तिच्या नवऱ्याविषयी पहिलं खरं वाक्य माझ्या तोंडून ऐकायला लागावं, हे मला बरं वाटलं नाही. ते तू सांग. उद्घाटनाच्या आधी सांग. आणि ओटा फोडून गोटे वर नेऊन ठेव. या दोन गोष्टी केल्यास तर बाकी सगळं मी गिळून टाकायला तयार आहे.

आईला मी सांगितलं की घर छान आहे, सून गोरी आहे, तू दौऱ्यावर होतास. यातलं काही खोटं नाही.

भागीरथा


मोहघाट,
११ मार्च १९५७

गुणवंत,

काल तू जे केलंस ते तुझ्या लक्षात राहावं म्हणून लिहिते. तू विसरण्यात पटाईत आहेस.

कमान, पताका, लाऊडस्पीकर. चांद्याहून तुझ्या वाटेनं लोकच लोक आले. कोणी धापा टाकत नव्हतं, कोणाच्या धोतराला काटा लागला नव्हता. नागपूरचे मोठे साहेब आले, त्यांच्या बाई ओट्यावर मधोमध बसल्या. आम्हा गावच्या लोकांसाठी तू दोरी बांधली होतीस. आम्ही दोरीच्या मागे उभे राहिलो. मी आईचा हात धरला होता. कधी सुटला मला कळलं नाही.

पाहते तर ती खाली पाण्याच्या कडेनं येते आहे, लुगडं घोट्यापर्यंत ओलं, हातात एक गोटा. दोरी पाण्यापर्यंत बांधायला तू विसरला होतास. ती सरळ ओट्याशी गेली. त्या बाईंनी पाय बाजूला घेतले आणि विचारलं, "आजी, हे काय?"

"गोटा हाये बाई. माह्या मालकाचा. त्याले वाघानं नेलं. जरा सरकता का, तुमच्याखाली हाये तो."

बाई उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "कोण मालक?"

"लटारू. तो पाहा ना टोपीवाला उभा हाये, त्याचा बाप."

गुणवंत, ती तक्रार करत नव्हती. तिनं तुझं नाव घेतलं ते कोणीही आई घेईल तसं, कौतुकानं. तिला वाटलं तू पुढे येशील, बाईंना सांगशील, ही माझी आई. मला लांबूनही तिचा चेहरा दिसत होता. आणि तू काय म्हणालास? लाऊडस्पीकर चालूच होता, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना तिचंही ऐकू आलं आणि तुझंही. "म्हातारी भ्रमिष्ट आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे." अगदी शुद्ध, एका शब्दाला न अडखळता.

गाव दोरीच्या मागे उभं होतं. मुखरूनं पागोटं काढून हातात घेतलं, एवढंच मी पाहिलं.

मग तू इसरूला खूण केलीस. त्यानं आईचा दंड धरला. ती त्याला म्हणाली, "सोड बाबू. मले वाट मालूम हाये." जाण्याआधी तिनं तो गोटा ओट्यावर ठेवला आणि हात लुगड्याला पुसला. मनोरमा खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत होती. तिनं आईकडे पाहिलं, मग दोरीमागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. तिनं मला ओळखलं. मी नजर खाली केली नाही.

घरी येताना आईनंच माझा हात धरला. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "साजरा दिसते टोपीत. दुबळा झाला पन." मी म्हणाले, आई, तो तुला वेडी म्हणाला. ती म्हणाली, "लोकायच्या समोर लाजला तो. लहानपनीबी लाजेच." रात्री तिनं भाकर खाल्ली नाही. पोट भरलंय म्हणाली. सकाळपासून तिनं काहीच खाल्लं नव्हतं.

तुला शाप द्यायला बसले होते. देता येत नाही, कारण तो तिलाच लागेल.

भागीरथा


मोहघाट,
३१ मार्च १९५७

गुणवंत,

हे पत्र मुखरूच्या हाती पाठवते आहे. तो सायकलनं आला असेल. त्याला पाणी दे आणि बस म्हण, तो बराच वेळ थांबणार आहे.

आधी ओट्याचं सांगते. त्या दिवसानंतर चैतू बाजारातून येताना खाली उतरला आणि त्यानं एक गोटा ओट्यावर ठेवला. मग सुकरीनं ठेवला, मग सगळ्यांनी. कोणी ठरवलं नाही. लटारू जिथं आहे तिथं ठेवायचा, यात ठरवायचं काय? इसरूला तुमच्या समितीचा हुकूम आला, ओटा रोज मोकळा करायचा. तो रोज सकाळी सगळे गोटे नदीत टाकून येतो. पण खाली उतरलेला माणूस रिकाम्या हातानं वर कसा येईल? तोही येताना एक घेऊन येतो आणि ठेवतो. चांद्याची फिरायला येणारी पोरंसोरं पाहून पाहून तेच करायला लागली. आता इसरूच्यानं आवरत नाही. तुझ्या ओट्यावर बसायला जागा उरलेली नाही.

आता दुसरं. मनोरमा परवा इथं आली. तू सिरोंच्याला दौऱ्यावर होतास. एकटी आली, तुझ्याच वाटेनं, चालत. मी दारात उभी होते. म्हणाली, "मला आत येऊ द्या. मला खरं हवं आहे." मी तिला म्हणाले की खरं तुझ्या नवऱ्यानं सांगायचं. ती म्हणाली, "मी तीनदा विचारलं. तीनदा तेच सांगितलं, वेडी आहे म्हणून." मग मी बाजूला झाले. मी सांगणार होते, पण आईनं सांगितलं. तिच्याजवळ बसवून, दोन्ही हात हातात घेऊन, सावकाश. बाबांचं सांगितलं, तुझ्या लहानपणचं सांगितलं, तू चिंचा खाऊन आजारी पडायचास तेही सांगितलं. तुझ्याविषयी एकही वाईट शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. ते ऐकूनच ती पोर जास्त रडली. तू वाईट आहेस असं आई म्हणाली असती तर तिला सोपं गेलं असतं.

दोन दिवस ती आमच्यात राहिली. मी तिला म्हणाले, राहा हवे तेवढे दिवस. ती म्हणाली, "राहणार नाही. मी का म्हणून लपून राहू? मी आईंना घेऊन जाते."

मला वाटलं आई नाही म्हणेल. आई उठली आणि धुतलेलं लुगडं काढलं.

आज दुपारी दोघी निघाल्या. टांगा करते म्हणाले तर आई नको म्हणाली, चालत जाते म्हणाली. हे तुझंच काम आहे, गुणवंत. तू ती वाट इतकी सोपी केलीस की आता आपल्या आईला तुझ्या दारापर्यंत काठीही लागत नाही. आज रविवार आहे. सगळा चांदा हवा खायला बाहेर पडलेला असेल. पुलापासून डोहापर्यंत माणसंच माणसं असतील, तुझ्या कचेरीतली, तुझ्या समितीतली. मनोरमा त्या सगळ्यांमधून आईचा हात धरून येते आहे. कोणी विचारलं की या कोण, तर ती सांगते आहे, या माझ्या सासूबाई. तिनं तसं ठरवून ठेवलं आहे.

आई हळू चालते आणि मध्ये बाबांपाशी बसेल, तेव्हा तुला थोडा वेळ आहे. तुझे सासरे ओसरीवर झोपाळ्यावर असतील. रस्त्यावर शेजारी असतील. आई दारात येऊन उभी राहील आणि तुझ्याकडे पाहील. ती रागावलेली नसेल, मी सांगून ठेवते. तिला तेव्हा काय म्हणायचं ते तू आताच ठरव. पुलापर्यंत सामोरा जातोस की ओसरीवर उभा राहून ही कोण बाई म्हणतोस, हे पाहायला मी तिथं नाही. मी मुद्दाम आले नाही. मी असते तर तू मला भिऊन आई म्हणाला असतास, आणि तसलं आई म्हणणं मला तिला द्यायचं नाही.

मुखरू सगळं पाहील आणि मला येऊन सांगेल. तो काही लपवत नाही हे तुला माहीत आहे.

भागीरथा